‘नोंद नाही’ म्हणजे काय? : अमेरिकेतल्या बंदूकखरेदीच्या तपासणीचा वाद

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो. अमेरिकेत बंदूक विकत घेणाऱ्याची आधी तपासणी व्हावी की नाही, असा वाद आज तिथे फारसा नाही. तपासणी होतेच, १९९४ पासून होते आहे. वाद आहे तो ‘प्रत्येक’ विक्रीच्या वेळी ती व्हावी का, याचा. तिकडे त्याला ‘युनिव्हर्सल बॅकग्राउंड चेक’ म्हणतात. आपण सोयीसाठी ‘सार्वत्रिक तपासणी’ म्हणू.

दुसरा गैरसमज जास्त खोल आहे. ‘तपासणी’ म्हटलं की आपल्याला आठवते ती चारित्र्य पडताळणी. पासपोर्टच्या वेळी पोलीस ठाण्यातून बोलावणं येतं, कुणी घरी येऊन जातं, शेजारी कधीकधी विचारपूस होते. बंदुकीच्या परवान्यासाठी तर पोलिसांचा अहवाल लागतोच. अमेरिकेत केंद्राच्या कायद्याप्रमाणे होणाऱ्या तपासणीत यातलं काहीही नाही. दुकानदार ४४७३ क्रमांकाचा फॉर्म पुढे करतो. त्यात प्रश्न असतात : तुम्हाला एक वर्षाहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं आहे का? अमली पदार्थांचं व्यसन आहे का? न्यायालयानं मनोरुग्ण म्हणून निर्णय दिला आहे का? घरगुती हिंसाचारात शिक्षा झाली आहे का? तुम्ही ‘नाही, नाही’ असं लिहीत जाता. मग दुकानदार एफबीआयच्या ‘निक्स’ नावाच्या यंत्रणेला विचारतो. तिचं केंद्र वेस्ट व्हर्जिनियात क्लार्क्सबर्गला आहे. तिकडून तीनपैकी एक उत्तर येतं : पुढे चला, थांबा, किंवा नकार. बहुतेक वेळा उत्तर काही मिनिटांत येतं. नकार मिळतो तो शंभरात एखाद-दुसऱ्याला.

म्हणजे ही माणसाची तपासणी नाही, माणसाविषयीच्या कागदांची आहे. हा फरक लक्षात ठेवा, कारण माझं आजचं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे.

हे आलं कुठून? ३० मार्च १९८१ला वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष रीगन यांच्यावर गोळीबार झाला. त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी लागली. ते जगले, पण कायमचे अपंग झाले. हल्लेखोरानं रिव्हॉल्व्हर घेतलं होतं डॅलसमधल्या एका गहाणवटीच्या दुकानातून, आणि फॉर्मवर पत्ता खोटा लिहिला होता. तो खरा की खोटा हे पाहण्याची सोयच नव्हती. १९६८च्या कायद्यानं अपात्र कोण ते ठरवलं होतं. पण समोरचा अपात्र आहे की नाही, हे त्यालाच विचारायचं आणि त्याच्या सहीवर विश्वास ठेवायचा. ब्रेडी आणि त्यांच्या पत्नी सेरा यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा नोव्हेंबर १९९३मध्ये क्लिंटन यांनी ब्रेडी कायद्यावर सही केली. आधी काही वर्षं स्थानिक पोलिसांकडून चौकशी होत असे. नोव्हेंबर १९९८ पासून संगणकाची यंत्रणा सुरू झाली.

या कायद्यानं बंधन घातलं ते परवानाधारक विक्रेत्यावर. ज्याचा तो धंदा नाही असा माणूस आपल्याच राज्यातल्या दुसऱ्या माणसाला स्वतःची रायफल विकत असेल, तर केंद्राच्या कायद्याप्रमाणे त्यानं निक्सला विचारायची गरज नाही. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, कोलोरॅडो अशा काही राज्यांनी स्वतःचे कडक नियम केले आहेत, पण टेक्सससारख्या अनेक राज्यांत ते नाहीत. तिथे खासगी विक्रेत्याला बंदी एवढीच, की समोरचा अपात्र आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला सबळ कारण असताना, त्याला विकू नये. आता याचा परिणाम बघा. ज्याला माहीत आहे, तो गुन्हेगार. मग शहाणा विक्रेता काय करील? विचारणारच नाही. अज्ञान हा इथे नुसता बचाव राहत नाही, त्याला बक्षीस मिळतं.

ही ‘पळवाट’ आहे असं तिकडे नेहमी म्हणतात. मला हा शब्द खटकतो. पळवाट म्हणजे कायदा लिहिणाऱ्याच्या नजरेतून निसटलेली फट. ही फट नाही, दार आहे, आणि ते विचार करून ठेवलेलं आहे. १९८६च्या कायद्यानं ‘धंदा करणारा’ कोण याची व्याख्या मुद्दाम सैल केली आणि त्याच कायद्यानं केंद्र सरकारला बंदूकधारकांची नोंदवही करायला मनाई केली. ज्यांनी ते दार ठेवलं त्यांच्याजवळ कारण होतं. ते कारण पटत नसेल तर खोडून काढा. ‘पळवाट’ म्हणून ते नव्हतंच असं दाखवू नका.

आता मी माझ्या विषयाकडे येतो. अनुपलब्धि. तुमच्यापैकी जे तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी होते ते हसतायत, कारण परीक्षेत हा प्रश्न ऐच्छिक असायचा आणि कुणी सोडवायचं नाही. प्रश्न साधा आहे : समोर जमिनीवर घडा नाही, हे मला कशानं कळतं? घडा दिसतो तेव्हा डोळ्यांनी कळतं. पण घड्याचं ‘नसणं’ डोळ्यांना कसं दिसेल? कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि नंतर अद्वैती म्हणाले, की याला वेगळं प्रमाण मानावं लागतं : न दिसणं, अनुपलब्धि. नैयायिकांना वेगळं प्रमाण नको होतं, त्यांनी ते प्रत्यक्षातच बसवलं. तो वाद बाजूला ठेवू. सगळ्यांनी एक अट मात्र घातली, आणि ती सोन्यासारखी आहे. नुसतं न दिसणं पुरत नाही. ‘असता तर दिसला असता’ असं म्हणता आलं पाहिजे. याला म्हणतात योग्य-अनुपलब्धि. उजेड भरपूर आहे, नजर शाबूत आहे, मी जमिनीकडे बघतो आहे, आणि घडा दिसत नाही : तर घडा नाही. अंधारात घडा दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. आणि वेदान्तपरिभाषेत आणखी एक पायरी आहे. काही गोष्टी उजेडातही दिसण्याजोग्या नसतात. कुणाच्या ठायी धर्म आहे की अधर्म, हे डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून अधर्म दिसला नाही यावरून तो नाही, असं म्हणता येत नाही.

निक्सचं ‘पुढे चला’ हे उत्तर म्हणजे शुद्ध अनुपलब्धि आहे. संगणक म्हणतो : मला काही सापडलं नाही. दुकानदार ऐकतो : हा माणूस पात्र आहे. आणि टीव्हीवरचे लोक सांगतात : हा कायदा पाळणारा नागरिक आहे. ही तीन वेगवेगळी विधानं आहेत. पहिल्यातून दुसरं निघतं ते एका अटीवर. तिसरं तर निघतच नाही.

अट मोडली की काय होतं? १६ एप्रिल २००७. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्यानं ३२ जणांना मारलं. त्यात तमिळनाडूतून गेलेले एक प्राध्यापक होते, आणि मुंबईहून वास्तुशास्त्र शिकायला गेलेली एक मुलगी होती. तुमच्यापैकी काहींना त्या वेळच्या बातम्या आठवत असतील. मारेकऱ्यानं दोन्ही पिस्तुलं तपासणी होऊनच घेतली होती. दोन्ही वेळा उत्तर आलं, पुढे चला. वास्तविक डिसेंबर २००५मध्ये व्हर्जिनियाच्या न्यायाधिकाऱ्यानं तो स्वतःला इजा करण्याचा धोका आहे असं ठरवून उपचारांचा हुकूम दिला होता. केंद्राच्या कायद्याप्रमाणे तो अपात्र झाला होता. पण उपचार इस्पितळात दाखल न करता बाहेरून घ्यायचे होते, आणि अशा हुकमांची माहिती वर कळवायची नाही असा त्या राज्याचा रिवाज होता. घडा होता. दिवा लावलेला नव्हता.

५ नोव्हेंबर २०१७, टेक्ससमधलं सदरलँड स्प्रिंग्ज नावाचं गाव. चर्चमध्ये रविवारची प्रार्थना चालू असताना २६ जण गेले. त्यांत एका न जन्मलेल्या बाळाचीही गणना आहे. मारेकरी हवाई दलात होता. पत्नीला आणि तिच्या तान्ह्या मुलाला मारहाण केल्याबद्दल लष्करी न्यायालयानं २०१२मध्ये त्याला एक वर्षाची कैद दिली होती. हवाई दलानं ही शिक्षा एफबीआयला कळवलीच नाही. नंतर तो दुकानात गेला, रीतसर फॉर्म भरला, आणि संगणकाला काही सापडलं नाही. २०२१मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी या हत्याकांडाची ६० टक्के जबाबदारी सरकारवर टाकली. टक्केवारी कशी काढली हे विचारू नका, ते कायदेवाल्यांचं काम. पण ‘न कळवणं’ हे सुद्धा कृत्य आहे, एवढं त्या निकालानं मान्य केलं.

आणि चार्ल्सटन. १७ जून २०१५, दक्षिण कॅरोलायनामधलं कृष्णवर्णीयांचं जुनं चर्च, बायबलचा वर्ग, नऊ माणसं. मारेकऱ्यानं एप्रिलमध्ये पिस्तूल मागितलं तेव्हा उत्तर ‘पुढे चला’ असं आलं नव्हतं. ‘थांबा’ असं आलं होतं. त्याच्या नावावर अमली पदार्थाचं एक प्रकरण होतं. तपासणाऱ्या व्यक्तीनं कागद मागवले ते चुकीच्या पोलीस खात्याकडून. कागद आले नाहीत. आणि कायदा असा आहे, की कामकाजाचे तीन दिवस उलटले आणि उत्तर आलं नाही, तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. त्यानं दिली. मौनं संमतिलक्षणम् हे आपण लग्नाच्या बोलण्यांत गमतीनं म्हणतो. तिथे ते बंदूकविक्रीचं कलम झालं आहे. मृतांच्या कुटुंबीयांना आणि बचावलेल्यांना मिळून पुढे सरकारनं तडजोडीत ८.८ कोटी डॉलर दिले. कलम तसंच आहे.

या तीनही घटना परवानाधारक दुकानांतल्या आहेत. तपासणी झाली होती. सार्वत्रिक तपासणीचा कायदा आधीपासून असता तरी यातलं काहीही बदललं नसतं. आणि तरी अशी प्रत्येक घटना घडली की समर्थक व्यासपीठावर येऊन सार्वत्रिक तपासणीच मागतात. सर्वांत ढळढळीत उदाहरण सँडी हुकचं. डिसेंबर २०१२मध्ये कनेक्टिकटच्या शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं गेली. बंदुका मारेकऱ्याच्या आईच्या होत्या, तिनं रीतसर घेतलेल्या. त्यानं आधी तिलाच मारलं. चार महिन्यांनी सिनेटपुढे जी दुरुस्ती आली, मँचिन आणि टूमी या दोन सिनेटरांची, ती बंदुकांच्या जत्रांत आणि इंटरनेटवरच्या जाहिरातींतून होणाऱ्या विक्रीला तपासणी लावणारी होती. १७ एप्रिल २०१३ला ५४ विरुद्ध ४६ मतं पडली. ६० लागत होती. शोकाकुल आईबाप वर सज्जात बसले होते. त्यांच्या दुःखाविषयी मला काही बोलायचं नाही. पण त्या दुःखाचा आणि त्या दुरुस्तीचा तार्किक संबंध शून्य होता, आणि विरोधकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. चांगल्या मागणीला चुकीचं कारण जोडलं की मागणी दुबळी होते, हे आपल्याकडच्या चळवळीतल्या माणसांना वेगळं सांगायला नको.

मग सार्वत्रिक तपासणीचं खरं कारण कोणतं? ते मिडलँड आणि ओडेसाचं. ३१ ऑगस्ट २०१९, पश्चिम टेक्सस, सात मृत्यू. या माणसानं २०१४मध्ये दुकानात बंदूक घ्यायचा प्रयत्न केला होता आणि निक्सनं त्याला नकार दिला होता. यंत्रणा चालली होती! दिवा लावलेला होता, घडा स्वच्छ दिसला होता. नंतर तो एका खासगी विक्रेत्याकडे गेला आणि रायफल घेऊन आला. इथे कुणी बघितलंच नाही. त्या विक्रेत्याला पुढे विनापरवाना धंदा केल्याबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली, ती सुद्धा या विक्रीत तपासणी केली नाही म्हणून नव्हे. ती न करण्याची त्याला मुभाच होती. सार्वत्रिक तपासणीच्या बाजूनं भाषण करायचं असेल तर या घटनेवर करा. ती लहान वाटते, कारण मृत्यू सात आहेत. पण युक्तिवाद तिच्यातच आहे.

(पाणी मिळेल का जरा? धन्यवाद.)

विरोधकांचा आवडता मुद्दा घेऊ. गुन्हेगार कायदा पाळत नाहीत, मग तपासणीचा त्रास फक्त सज्जनांना. हा मुद्दा खरा मानला तर चोरीविरुद्धचा कायदाही रद्द करावा लागेल, चोर तोही पाळत नाहीत. शिवाय यात पाहण्याची दिशा चुकते. तपासणीचा कायदा गिऱ्हाइकाला उद्देशून नाही, विक्रेत्याला उद्देशून आहे. आणि विक्रेते बहुतेक सज्जनच असतात. २०१६मध्ये अमेरिकी सरकारनं कैद्यांची पाहणी केली. गुन्ह्याच्या वेळी ज्यांच्याजवळ बंदूक होती, त्यांतल्या ४३ टक्क्यांनी ती चोरट्या बाजारातून किंवा रस्त्यावर मिळवली होती, सुमारे २५ टक्क्यांनी नातेवाईक-मित्रांकडून, आणि बंदुकांच्या जत्रेतून एक टक्क्याहूनही कमी लोकांनी. हे आकडे दोन्ही बाजूंना टोचतात. ‘जत्रेतली पळवाट’ हा समर्थकांचा लाडका शब्दप्रयोग यात विरघळतो. पण मित्र आणि नातेवाईक? तो चौथा हिस्सा काही अट्टल तस्कर नव्हे. ‘अरे, आधी दुकानात जाऊन तपासणी करून घेऊ, नाहीतर मी अडकेन’ असं म्हणायला त्याला निमित्त मिळालं, तर काही बंदुका तरी थांबतील. गंमत म्हणजे मँचिन-टूमी दुरुस्तीनं नेमक्या नातेवाईक-मित्रांनाच सूट दिली होती.

बंदूकधारकांच्या सर्वांत मोठ्या संघटनेचे, नॅशनल रायफल असोसिएशनचे, तेव्हाचे प्रमुख वेन लापिएर यांनी कोलंबाइनच्या शाळेतल्या गोळीबारानंतर, १९९९मध्ये, संसदेच्या समितीपुढे सांगितलं होतं की जत्रेतल्या प्रत्येक विक्रीला तपासणी असणं वाजवी आहे. २०१३मध्ये त्यांनीच कडाडून विरोध केला. भूमिका बदलणं हा गुन्हा नाही. कारण मात्र विचारायला हवं, आणि जे दिलं गेलं त्यातला एक मुद्दा वजनदार आहे : नोंदवही.

त्याचं म्हणणं असं. आज मी तुम्हाला माझी रायफल विनातपासणी विकली, हे सरकारला कळणार कसं? काल ती माझी होती आणि आज तुमची आहे, याची कुठे तरी नोंद असेल तरच. म्हणजे सार्वत्रिक तपासणीचा कायदा अमलात आणायचा तर शेवटी कुणाकडे कोणती बंदूक आहे याची वही लागणार. आणि वही झाली की एक दिवस जप्ती होणार. शेवटची उडी मला पटत नाही. १९८६चा कायदा आहे, न्यायालयं आहेत, २००८च्या हेलर निकालानं वैयक्तिक हक्क मान्य केलेला आहे. पण आधीची पायरी पक्की आहे. आज तपासणीत पास झालेल्याची माहिती निक्सला २४ तासांत नष्ट करावी लागते. मँचिन-टूमी यांनी तर केंद्रीय नोंदवही करणाऱ्या अधिकाऱ्याला १५ वर्षांच्या कैदेची तरतूद लिहिली होती. म्हणजे समर्थक एका हातानं म्हणतात, प्रत्येक विक्रीवर लक्ष राहील. दुसऱ्या हातानं म्हणतात, आम्ही काहीही लक्षात ठेवणार नाही. दोन्ही एकदम कसं व्हायचं? विक्रेत्याच्या सज्जनपणावर भिस्त ठेवायची असेल तर तसं उघड सांगावं. मला ती भिस्त अगदीच फोल वाटत नाही. पण ‘सार्वत्रिक’ हा शब्द त्याहून खूप मोठं आश्वासन देतो.

कायद्याची जरब तर नावापुरतीच आहे. ४४७३ फॉर्मवर खोटं लिहिणं गंभीर गुन्हा आहे. २०१७च्या आर्थिक वर्षात केंद्राच्या तपासणीत सुमारे १ लाख १२ हजार नकार गेले. त्यांतून केंद्रीय वकिलांनी खटले किती भरले? सरकारच्या लेखापाल कार्यालयाला २०१८च्या मध्यापर्यंत मोजून सापडले १२. शंभर-दोनशे नव्हेत, बारा. नकार मिळालेल्यांत नामसाधर्म्यानं अडकलेलेही असतात, हे मान्य. तरी बारा? ज्या मोजक्यांवर खटला चालला त्यांत अध्यक्ष बायडन यांचा मुलगा होता. २०१८मध्ये व्यसनाच्या प्रश्नाला त्यानं ‘नाही’ लिहिलं, संगणकाला काही सापडलं नाही, २०२४मध्ये तो दोषी ठरला आणि वडिलांनी माफी दिली. व्यसन ही नोंदवहीत सापडणारी वस्तूच नव्हे.

आकड्यांविषयी थोडंसं. ‘४० टक्के बंदुका विनातपासणी विकल्या जातात’ हे वाक्य अनेक वर्षं भाषणांत फिरलं. ते १९९४च्या एका लहान पाहणीवरून आलं होतं, म्हणजे निक्स सुरू होण्याच्याही आधीच्या. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण २२ टक्के निघालं. पाचातली एक बंदूक हे प्रमाण काही थोडं नव्हे. मग जुना फुगलेला आकडा का हाकत बसायचं? परिणामांचं म्हणाल, तर कॅलिफोर्नियानं १९९१ पासून खासगी विक्रीलाही तपासणी लावली. २०१८च्या अभ्यासात पुढच्या दहा वर्षांत बंदुकीनं होणाऱ्या खुनांच्या किंवा आत्महत्यांच्या प्रमाणात फरक दिसला नाही. कनेक्टिकटमध्ये १९९५ पासून पिस्तुलासाठी आधी परवाना लागतो, आणि तिथे बंदुकीच्या खुनांत लक्षणीय घट झाल्याचा अंदाज संशोधकांनी काढला. मिसुरीनं २००७मध्ये तसा परवाना रद्द केला, तिथे वाढ दिसली. असे अभ्यास शेवटी तुलनेवर उभे असतात, ते जपूनच घ्यावेत. पण त्यांतली दिशा मला अर्थपूर्ण वाटते. परवान्यासाठी माणूस स्वतः कार्यालयात जातो, बोटांचे ठसे देतो, कागद बघायला वेळ मिळतो. दिवा लावून बघणं म्हणतात ते हेच.

मग परवानाच का नको? इथे आपण मुळाशी येतो. शंका उरली तर तिची किंमत कुणी मोजायची? परवान्याच्या पद्धतीत नागरिकानं मोजायची : उत्तर येईपर्यंत नाही. निक्समध्ये सरकारनं, म्हणजे पर्यायानं अनोळखी लोकांनी, मोजायची : उत्तर आलं नाही तर हो. अमेरिकी माणसाच्या लेखी शस्त्र हा हक्क आहे, आणि हक्कासाठी पात्रता सिद्ध करत बसायची नसते. तुम्ही व्याख्यानाला येण्याआधी कुणाची परवानगी घेतली नाहीत.

आपण भारतीयांनी दुसरा रस्ता घेतला, तोही वाद घालूनच. १८७८च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना सूट दिली. त्या अपमानाविरुद्ध काँग्रेसनं आपल्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून ठराव केले. १९३१च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क चक्क मूलभूत हक्कांत आहे. डिसेंबर १९४८मध्ये हरि विष्णू कामतांनी घटना समितीत तो हक्क घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. परिस्थिती बदलली आहे, आणि हा हक्क दिला तर तो चोर-ठगांनाही मागता येईल, असं त्यांचं उत्तर होतं. दुरुस्ती पडली. मला आंबेडकरांचं उत्तर पटतं. पण १८७८चा कायदा विसरून चालणार नाही. परवाना देणारा हात कुणाचा, हे महत्त्वाचं असतं. १९५६मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडल्यावर त्यांनी अलाबामात पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला. मिळाला नाही. संगणकाचा एक गुण असा, की तो आंधळा असेल, पण तोंड बघून नाही म्हणत नाही.

जनमताचा दाखला मी फारसा देत नाही. पाहणीत ८५ टक्क्यांच्या आसपास लोक सार्वत्रिक तपासणीला हो म्हणतात. २०१६मध्ये मेन राज्यात तोच प्रश्न मतपत्रिकेवर आला तेव्हा ५२ टक्क्यांनी नाही म्हटलं. नेवाडात दहा हजारांहून कमी मतांनी जेमतेम मंजूर झाला. पाहणीत तत्त्व विचारतात. मतपत्रिकेमागे कायद्याचा मजकूर असतो, आणि त्यात ‘हस्तांतरण’ म्हणजे काय, शेजाऱ्याला शिकारीसाठी चार दिवस रायफल दिली तर काय, असे प्रश्न उठतात.

इथे थांबतो. एखादा प्रश्न असेल तर घेऊ.

श्रोता : सर, २०१३मध्ये तुम्ही सिनेटमध्ये असतात तर मत कुणाला दिलं असतं?

बाजूनं. मिडलँडच्या त्या विक्रेत्याला ‘विचारू नकोस’ असं सांगणारा कायदा मला नको, एवढं कारण मला पुरेसं आहे. पण मी आधी तीन दिवसांचं कलम हातात घेतलं असतं. त्याच्या बाजूनंही चांगला युक्तिवाद आहे : सरकारच्या आळसाची शिक्षा नागरिकाला नको. मान्य. म्हणून मुदत हवीच. पण तीन दिवसांत लांबच्या तालुक्याच्या न्यायालयातून कागद येत नाहीत, हे ज्यांनी कधी सातबारा काढला आहे त्यांना ठाऊक आहे. २०२२च्या कायद्यानं २१ वर्षांखालच्यांसाठी, शंकेला कारण सापडलं तर, ती दहा दिवसांपर्यंत वाढवली. सर्वांसाठी वाढवण्याचं विधेयक कनिष्ठ सभागृहात मार्च २०२१मध्येच २१९ विरुद्ध २१० मतांनी मंजूर झालं होतं. सिनेटनं ते मतदानाला घेतलं नाही.